मागे वळून बघाल तर... (जर्मन पोरांचे खेळ आणि 'दास वाइसे बांड')

केळफूल

मंडळी, हे बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज पोरगं लवकर झोपलं म्हणून टाकतेय एकदाचं. लांबेल, आधीच सांगते.

आम्ही कासेलला असतो, सहा वर्षं झाली. मुलगा इथल्याच किटात जातो, किटा म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकाच छपराखाली. मागच्या जूनमध्ये त्यांचा उन्हाळी मेळावा होता. केक झाला, सॉसेज झाले, पोरांचे चेहरे रंगवून झाले आणि मग बाईंनी पोरांना आणि हाताला लागतील तेवढ्या आईबापांना गवतावर गोल बसवलं. एक चिमुरडी रुमाल घेऊन सगळ्यांच्या पाठीमागून फिरायला लागली आणि बाकीची गायला लागली. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. अरे हे तर मामाचं पत्र! शेम टू शेम. गोल तोच, रुमाल तोच, पळत येऊन रिकाम्या जागेवर बूड टेकायचं तेही तेच. फक्त मामा नाही आणि पत्रही नाही, त्यांच्याकडे आहे प्लुम्पझाक. गाणं असं:

ड्रेट ओइश निष्ट उम, देन देर प्लुम्पझाक गेट उम,
वेर झिश उमड्रेट ओडर लाख्ट, क्रीग्ट देन बुकल फोलगेमाख्ट.

म्हणजे मागे वळू नका, प्लुम्पझाक फिरतोय, जो वळेल नाहीतर हसेल त्याच्या पाठीत बसतील. शेवटची ओळ गावागणिक थोडी बदलते पण पाठ काही सुटत नाही. आणि रुमाल आपल्यामागे पडलाय हे ज्याला कळलंच नाही तो गोलाच्या मध्ये जाऊन बसतो, त्याला म्हणायचं सडकं अंडं. माझा नवरा सडकं अंडं झाला, पोराला प्रचंड आनंद.

आता आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, १९३८ चा जन्म. त्यांना मी दुसऱ्या दिवशी हौसेने सांगायला गेले की अहो आमच्या महाराष्ट्रातही हाच खेळ आहे, आम्ही पण पाठीत धपाटे घालतो. त्या म्हणाल्या, "तुमच्या रुमालाला गाठ असते का?" मला कळेना. तर प्लुम्पझाक हा कोणी बुवा वगैरे नाहीच म्हणे, प्लुम्पझाक म्हणजे ते फडकंच, पीळ देऊन देऊन दोरखंडासारखं कडक करायचं आणि टोकाला गाठ मारायची, आणि त्या गाठीनेच हाणायचं. त्यांनी समोरचा ताटं पुसायचा कपडा घेऊन मला करून दाखवलं, ऐंशीच्या पुढच्या त्या बोटांनी तीन पीळ आणि एक गाठ, दहा सेकंद सुद्धा लागले नाहीत. मग ती गाठ उलगडत म्हणाल्या, "घरी पण असंच असायचं. हसलं की मिळायचं." आणि मला विचारलं साखर किती.

बस, एवढंच. पुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही मिखाएल हानेकेचा 'दास वाइसे बांड' बघितला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना 'द व्हाइट रिबन' म्हणून माहीत असेल, २००९ चा, त्या वर्षी कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. कृष्णधवल, जवळपास अडीच तास, पार्श्वसंगीत शून्य. जर्मन नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलंय 'एक जर्मन बालकथा'. (इथून पुढे कथा फुटेल, ज्यांना बघायचाय त्यांनी खाली सरका.)

१९१३ सालचं उत्तरेकडचं प्रोटेस्टंट खेडं, नाव काल्पनिक, आइशवाल्ड. जमीनदार, त्याचा कारभारी, डॉक्टर, पाद्री, शाळामास्तर आणि बाकी सगळे राबणारे. डॉक्टर घोड्यावरून घरी येत असतो, दोन झाडांमध्ये कोणीतरी तार ताणून ठेवलेली असते, घोडा खलास आणि डॉक्टर दवाखान्यात. मग एकेक घडत जातं. जमीनदाराचं पोर बेदम मार खाल्लेलं सापडतं, धान्याचं कोठार पेटतं, सुईणीच्या मतिमंद मुलाच्या डोळ्यांची पार वाट लावलेली असते. कोण करतंय हे शेवटपर्यंत पडद्यावर दिसत नाही. पण जिथे काही घडतं तिथे पाद्र्याच्या मुलांचा घोळका आदबीने येऊन उभा असतो, काही मदत हवी का म्हणून.

मला घोळका राहू दे, मला एक सीन सांगायचाय. पाद्र्याची मोठी दोन, क्लारा आणि मार्टिन, अंधार पडल्यावर घरी येतात. शिक्षा म्हणून त्या रात्री घरात कोणीच जेवणार नाही आणि दुसऱ्या दिवशी दोघांना दहा दहा छड्या. पाद्री आवाज चढवत नाही हां अजिबात. तो म्हणतो आज मला आणि तुमच्या आईला झोप लागणार नाही कारण उद्या तुम्हाला मारावं लागणार, आणि ते आम्हालाच जास्त लागणार. मुलं 'हेर फाटर' म्हणतात त्याला, म्हणजे 'वडीलसाहेब' म्हणा ना. दुसऱ्या दिवशी मुलं एका खोलीत जातात, दार बंद. कॅमेरा बाहेर बोळातच. आपल्याला वाटतं आता आवाज येईल, तर दार उघडतं आणि मार्टिन एकटा बाहेर येतो. बोळ ओलांडतो, दुसऱ्या खोलीत जातो, हातात छडी घेऊन परत येतो, आत जातो, दार लावून घेतो. आणि मग आवाज.

म्हणजे बापाने त्यालाच पाठवलं होतं छडी आणायला!!

मला त्या आवाजापेक्षा ते बोळातलं चालणं झोपू देईना. काय असेल त्या पोराच्या डोक्यात ती सात आठ पावलं? आणि नंतर त्यांच्या आईकडून पांढरी फीत बांधून घ्यायची, मुलीच्या केसात, मुलाच्या दंडावर, निष्पापपणाची आठवण म्हणून, विश्वास परत बसेपर्यंत. मारणाऱ्याने मार खाणाऱ्यालाच कामाला लावलंय, हत्यार तूच आण, खूण तूच वागव, रात्री हाताचं चुंबन तूच घे.

आणि मग मला आजींची ती गाठ आठवली. मागे बघू नका, हसू नका. खेळात निदान एक बरं असतं की पुढच्या डावाला फडकं तुमच्या हातात येतं. सिनेमात पण येतंच म्हणा, त्या पोरांच्या हातात, फक्त ते मारायला आपल्याहून दुबळं कोणी शोधतात.

तुमचे अनुभव लिहा, खेळांचे पण आणि सिनेमाचे पण. जर्मनीत राहणाऱ्यांनी खेळ सांगा प्लीज, मला यादी करायचीय.

अर्धाकप

सिनेमा बघितला नाहीये, वीकांताला बघतो आणि मग लिहितो. तोवर इथे रुमाल टाकून ठेवतो.

केळफूल

अर्धाकप, या धाग्यावर रुमाल टाकताय, पाठ सांभाळा :)

निरगुडी

मस्त लिहिलंयस, मस्त म्हणू की काय म्हणू. छडी आणायला पाठवण्यावरून. आमच्या गावच्या शाळेत (नाव नको, सातारा जिल्हा) चौथीच्या गुरुजींचा नियमच होता, ज्याला मार बसायचा त्यानेच ओढ्याकडेला जाऊन निरगुडीचा फोक तोडून आणायचा. बारीक आणला तर परत पाठवायचे. जाड आणला तर लागायचा कमी पण वळ मोठा, हे गणित आम्हाला पहिलीतच पाठ. माझा आयडी तिथूनच आलाय, हे आज पहिल्यांदा इथे सांगतेय. पानं ओरबाडून फोक गुळगुळीत करायचा, तो वास अजून हाताला येतो कधी कधी, आणि गंमत म्हणजे बाळंतिणीला शेक द्यायला तीच पानं आणतात तेव्हा घरातल्या सगळ्यांना बरं वाटतं आणि मला मळमळतं.

पाटीलबुवा

लेख चांगला आहे पण जरा जास्तच मनाला लावून घेताय असं वाटलं. आम्ही पण वडिलांचा मार खाल्ला, पट्ट्याने खाल्ला, काय बिघडलं? तीन भावंडं, तिघंही मार्गी लागलो. छडी लागे छमछम हे उगाच नाही आलं. आताची पिढी एक शब्द बोललं की डिप्रेशनमध्ये जाते. आणि जर्मन लोकांनी आपल्याला शिकवू नये, त्यांनी काय काय केलंय जगाला माहीत आहे.

केळफूल

पाटीलबुवा, जर्मन कुठे शिकवतायत, ते तर स्वतःचंच धुणं धूतायत त्या सिनेमात (दिग्दर्शक ऑस्ट्रियन आहे तो भाग वेगळा). आणि "काय बिघडलं" हे आजींच्या पिढीतले लोकही असंच म्हणतात बरं का, अगदी याच शब्दांत, "हाट मिअर आउख निष्ट गेशाडेट", मलाही काही अपाय झाला नाही.

एक गोष्ट मात्र सांगते, मला स्वतःला खूप भारी वाटली. जर्मन नागरी कायदा १९०० साली लागू झाला. त्यातलं कलम १६३१, पोटकलम २, त्यात लिहिलं होतं की बाप मुलाला वळण लावण्यासाठी योग्य ती शिक्षेची साधनं वापरू शकतो. बाप हं, आई नाही. म्हणजे सिनेमातला पाद्री कायद्याने चोख होता. १९५८ मध्ये स्त्रीपुरुष समानतेचा कायदा लागू झाला तेव्हा बापाचा तो खास हक्क गेला, पण मारणं थोडंच थांबलं. मग २००० च्या नोव्हेंबरमध्ये नवीन वाक्य आलं, मुलांना हिंसेविना वाढण्याचा हक्क आहे, शारीरिक शिक्षा, मानसिक इजा, अपमान सगळं निषिद्ध. आणि ते वाक्य कुठे घातलं माहितीये? कलम १६३१, पोटकलम २. त्याच खोलीत, तेच दार. शंभर वर्षं लागली.

लाइपझिशकर

+१. थोडी भर घालतो. मी पूर्वेकडे राहतो, इथले लोक मोठ्या अभिमानाने सांगतात की आमच्याकडे शाळेतला मार १९४९ लाच बंद झाला, पश्चिमेत १९७३ उजाडलं आणि बव्हेरियात तर १९८३. ते खरंच आहे. पण त्याच पूर्व जर्मनीत तोरगाऊला 'न सुधारणाऱ्या' पोरांसाठी बंदिस्त सुधारगृह होतं, १९६४ ते १९८९, गज, कोठड्या, कवायत सगळं, आता तिथे स्मारक आहे. मी गेलोय. अंधारकोठडीत भिंतीवर पोरांनी नखाने का चमच्याने कोरलेलं आहे, मी फोटो काढायला मोबाइल वर केला आणि परत खिशात ठेवला.

खेळांचं म्हणाल तर टोप्फश्लागन विसरू नका! वाढदिवसाला पोराचे डोळे बांधायचे, हातात लाकडी कालथा द्यायचा, खोलीत कुठेतरी पातेलं पालथं घालून खाली चॉकलेट. पोरगं गुडघ्यावर रांगत जमीन बडवत फिरतं आणि बाकीचे ओरडतात थंड, थंड, कोमट, गरम, गरम! पातेल्यावर कालथा बसला की तो आवाज म्हणजे काय सांगू. खालच्या मजल्यावरचे मात्र जेवायच्या टेबलवरून उठतात.

आणि डोळे बांधून पकडापकडीला ते म्हणतात ब्लिंडे कू, आंधळी गाय. आपल्याकडे कोशिंबीर आंधळी का झाली हे मला पन्नास वर्षांत कोणी सांगितलेलं नाही.

मधलीसुट्टी

कोशिंबीर :D :D

माझ्याकडून यादीत भर: रबर दोन पोरींच्या पायाला अडकवून तिसरीने उड्या मारायच्या तो गुमीट्विस्ट, आपल्या ठिकरीसारखा स्वर्ग-नरक (हिमेल उंड होएले, एकदम नरकच!), संगीत खुर्चीला यांच्याकडे 'जेरुसलेमची यात्रा', कानगोष्टींना 'मुकी टपाल'. पकडापकडीचा एक होता 'काळ्या माणसाला कोण घाबरतं', माझ्या मुलीच्या किटात आता काळ्या माणसाऐवजी पांढरा शार्क म्हणतात, कारण वर्गात तीन पोरं घानाची आहेत आणि कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला.

धोंडोपंत

सिनेमाबद्दल दोन शब्द, कारण इथे सगळे छडीवर अडकलेत. हा सिनेमा नाझीवादाची मुळं दाखवतो असं जिथे तिथे लिहिलं जातं. हिशोब सोपा आहे, १९१३ ला दहा बारा वर्षांची असलेली पोरं १९३३ ला तिशीत. पण हानेकेने स्वतः सांगितलंय की एवढ्यापुरतं बघू नका, कुठलंही तत्त्व परमसत्य म्हणून माथी मारलं की काय होतं ते बघा. मला दुसरं जास्त पटतं. नाहीतर मग छडी खाणारी सगळी युरोपभर होती, इंग्लंडच्या शाळांत काय फुलं वाटत होते का? तिथे नाही झाले ते नाझी. मार हे एकच कारण धरलं तर इतिहास फार स्वस्तात उरकतो.

आणि खेळ म्हणालात म्हणून, सिनेमातला एकुलता एक खेळणं-बिळणं म्हणता येईल असा प्रसंग आठवा. तळ्याकाठी कारभाऱ्याची पोरं झाडाच्या फांदीची पिपाणी करत बसलीत. जमीनदाराच्या सिगीकडे चांगली वाजणारी पिपाणी आहे. कारभाऱ्याचा मुलगा ती हिसकावतो आणि सिगीला ढकलतो पाण्यात. घरी बाप विचारतो पिपाणी कुठाय, पोरगं म्हणतं माहीत नाही. बाप लाथाबुक्क्यांनी तुडवतो. बाप खोलीबाहेर पडून जिना उतरतोय तोवर वरून पिपाणीचा आवाज! पोराने वाजवली. बाप परत वर. मी थिएटरात मोठ्याने हसलो होतो, आणि हसल्याची लगेच लाज वाटली. त्या पोराला माहीत होतं परत मार बसणार. त्याने वाजवली.

केळफूल

धोंडोपंत, पिपाणी कशी विसरले मी! इंग्लंडचा मुद्दा मान्य, मीही कारण-परिणाम असं लावत नाहीये. पण डॉक्टरचं तुम्ही कोणीच लिहिलं नाही. छडी न मारणारा तोच, सुशिक्षित, रुग्णांना बरं करणारा, आणि घरात पोटच्या पोरीशी काय करतो, सुईणीला तोंडावर काय काय बोलतो. त्याला आवाज नाही, वळ नाही. आणि त्याचा तो चार पाच वर्षांचा धाकटा, रुडी, जेवता जेवता बहिणीला विचारतो मरणं म्हणजे काय, सगळेच मरतात का, तू पण, मी पण, आणि मग आई प्रवासाला गेलेली नाही का. आणि शांतपणे सूपची ताटली टेबलावरून ढकलून देतो. अख्ख्या सिनेमात मोठ्या माणसाने पोराला खरं उत्तर दिलं असं तेवढंच, आणि तेही चौदा वर्षांच्या बहिणीने.

फासेपारध

मी बोर्ड गेमवाला माणूस, मला राहवत नाही. तुमच्या सिनेमाचं साल आलं म्हणून सांगतो. जर्मनीतला सगळ्यात घरोघरी असलेला खेळ 'मेन्श एर्गेरे दिश निष्ट', म्हणजे 'माणसा चिडू नकोस'. म्युनिकच्या योझेफ श्मिट नावाच्या माणसाने १९०७-०८ च्या हिवाळ्यात आपल्या तीन दंगेखोर पोरांना गप्प बसवायला बनवला आणि १९१४ पासून तो मोठ्या प्रमाणावर बनायला लागला. सुरुवातीला खपेना. मग महायुद्ध पेटलं, त्याने ३००० संच लष्करी इस्पितळांना फुकट पाठवले, जखमी सैनिक पडल्या पडल्या खेळले, घरी जाताना वेड घेऊन गेले आणि १९२० पर्यंत दहा लाख खपले, किंमत ३५ फेनिश.

आता गंमत अशी की हा खेळ म्हणजे आपला लुडो आणि लुडो म्हणजे इंग्रजांनी उचललेली पचीशी. माझी आजी कापडी पटावर कवड्या टाकून खेळायची, दहा, पंचवीस, बारा असं ओरडत. म्हणजे सिनेमा जिथे संपतो, युद्धाची बातमी येते आणि सगळं गाव चर्चमध्ये बसतं, त्याच वर्षी आपला सारीपाट जर्मन घरात शिरत होता, वर 'चिडू नकोस' अशी पाटी लावून. त्या पाद्र्याच्या घरात चाललं असतं का हो? सोंगटी मारली की हसायला येतंच.

निरगुडी

फासेपारध, सोंगटी मारल्यावर न हसणारा माणूस मी बघितलेला नाही. माझे आजोबा तर मुद्दाम खोकायचे.

रानपाखरू

आणखी एक गाणं घ्या यादीत. मायकेफर फ्लीग. मे महिन्यात निघणारा तो तपकिरी भुंगा, जर्मन पोरं बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्यात पानं घालून ठेवायची. गाणं म्हणतात, उड रे भुंग्या, बाप युद्धावर, आई पोमेरेनियात, पोमेरेनिया जळून गेलं, उड रे भुंग्या. आणि हे बाळाला झोपवताना! आपण चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचो ते आठवलं आणि वाईट वाटलं, चतुराचं. मांडीवर पोराला घोड्यासारखं उडवायचं त्यातही घोडेस्वार पडतो, खड्ड्यात पडला तर कावळे खातात. माझ्या सासूबाई (जर्मन) माझ्या बाळाला 'कावळे खातात' म्हणत उडवायच्या आणि बाळ खिदळायचं. मी आधी हादरले, नंतर मीही म्हणायला लागले.

कात्रज_ते_कोलोन

मी इथे मायदेशी बायकांसाठी अधूनमधून दुभाषी म्हणून जाते, फुकट, पोलिसांत नाहीतर डॉक्टरकडे नाहीतर महिला निवाऱ्यात. (फ्राउएनहाउस, पश्चिम बर्लिनमध्ये पहिलं १९७६ ला निघालं.) म्हणून हे लिहितेय. सिनेमा १९१३ चा आहे पण मी ज्या घरांत जाते ती आताची आहेत, त्यातली काही आपली मराठी आहेत, आयटीतली आहेत, तुळशीला रोज पाणी घालणारी आहेत. सगळ्यांना वाटतं आवाज बाहेर गेला नाही म्हणजे झालं नाही. एका ताईंनी मला सांगितलं की तो मारायच्या आधी खिडक्या लावायला सांगायचा. तिलाच. तुझं ते छडी आणायचं वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या खिडक्या आल्या.

माहिती असू द्या: २००२ पासून इथे कायदा आहे, लोक त्याला 'जो मारतो तो बाहेर जातो' म्हणतात, म्हणजे घर बाईने सोडायचं नाही, कोर्ट त्याला घराबाहेर काढू शकतं. हेल्पलाइन ११६ ०१६, चोवीस तास, फुकट, नाव सांगायची गरज नाही, दुभाषी लागला तर मागून बघा. मुलांसाठी ११६ १११. भारतात मुलांसाठी १०९८. व्हिसा जाईल म्हणून गप्प बसू नका, आधी विचारा तरी.

पाटीलबुवा

कात्रज ताई, तुमच्या कामाला नमस्कार. बायकोवर हात टाकणं वेगळं आणि पोराला वळण लावणं वेगळं एवढंच माझं म्हणणं होतं. आमचे अण्णा मारायचे आणि रात्री आम्ही झोपलोय असं समजून वळावर हळद-तेल लावायचे, डोळ्यात पाणी असायचं त्यांच्या. ते प्रेमच होतं.

कात्रज_ते_कोलोन

असेलच प्रेम. तुम्ही जागे होतात ना तेव्हा?

मधलीसुट्टी

तो खिडक्यांचा प्रतिसाद वाचून पाच मिनिटं गप्प बसले.

इथे आस्ट्रिड लिंडग्रेनची गोष्ट हवी. 'पिप्पी लाँगस्टॉकिंग' लिहिणारी स्वीडिश लेखिका. १९७८ ला फ्रांकफुर्टला तिला जर्मन पुस्तक व्यापाऱ्यांचं शांतता पारितोषिक मिळालं. भाषण आधी पाठवलं तर आयोजक म्हणाले, बक्षीस घ्या, भाषण नको. ती म्हणाली भाषण नाही तर मीही नाही. झक मारत ऐकलं सगळ्यांनी. विषय एकच, पोरांना मारू नका. शेवटी तिने एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलेली हकीकत सांगितली. त्या बाई तरुण असताना छडीशिवाय पोर वाढत नाही असं सगळे म्हणायचे. त्यांना स्वतःला पटायचं नाही, पण एकदा त्यांच्या लहान मुलाने काहीतरी आगळीक केली आणि त्यांनी त्याला सांगितलं, जा, बाहेरून फोक तोडून आण. पोरगं गेलं ते लवकर येईना. शेवटी रडत रडत आलं आणि म्हणालं, आई, छडी नाही सापडली, पण हा दगड घे, तू हा मला फेकून मारू शकतेस.

त्याला वाटलं आईला मला दुखवायचंच आहे, मग दगड काय वाईट. आई रडली, पोराला जवळ घेतलं आणि तो दगड स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला, कायमचा. पुढच्याच वर्षी, १९७९ ला, स्वीडनने मुलांना मारण्यावर बंदी घातली, जगात पहिली.

निरगुडी

"बारीक आणला तर परत पाठवायचे"... मी वर काय लिहिलं ते आता परत वाचलं. मी त्या वेळी चांगला फोक शोधायचे गं. चांगला! गुरुजींनी शाबासकी द्यावी म्हणून. एकदा दिली होती.

पाटीलबुवा

हो. जागा असायचो. डोळे गच्च मिटून. हललं की थांबायचे ते, म्हणून हलायचो नाही.

जास्त काही लिहीत नाही.

केळफूल

पाटीलबुवा, _/\_

मला सिनेमातला अजून एक सीन लिहायचा होता तो लिहून टाकते. पाद्र्याचा धाकटा, गुस्टाव. त्याला जखमी पाखरू सापडतं, ते ठेवू का म्हणून तो वडिलांच्या खोलीत विचारायला येतो. बाप म्हणतो बरं झालं की सोडावं लागेल, चालेल? पोरगं पिंजऱ्याकडे बोट दाखवतं, पण तुमचा पीप्सी तर आत आहे. बाप म्हणतो तो पिंजऱ्यातच वाढलाय, तुझा बाहेरचा आहे. पुढे मोठी बहीण क्लारा एका शिक्षेनंतर त्या पीप्सीला कात्रीने मारून बापाच्या टेबलावर ठेवते. आणि काही दिवसांनी हा एवढासा गुस्टाव पिंजरा घेऊन दारात उभा. म्हणतो, पीप्सी मेला म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय ना, म्हणून माझा घ्या. अख्ख्या सिनेमात तो माणूस तिथे एकदा हलतो, शब्द फुटत नाही, कसाबसा धन्यवाद म्हणतो. पोरगं जातं. मी नवऱ्याला म्हटलं, आता हा बदलेल. नवरा म्हणाला, बघ पुढे. पुढे मास्तर येऊन सांगतो की मला तुमच्या मुलांचा संशय आहे, तर हा त्यालाच धमकावून हाकलतो.

आजींचं विचारलं होतं दोघातिघांनी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात). त्यांना मी सिनेमाबद्दल सांगितलं, त्या म्हणाल्या नाव ऐकलंय, बघणार नाही. पण रविवारी वर आल्या होत्या, माझ्या पोराबरोबर 'चिडू नकोस' खेळल्या. पोरगं घराजवळ पोचलं आणि यांनी त्याची सोंगटी मारली. पोरगं असं काही चिडलं की सगळा पट उधळला, एक सोंगटी आजींच्या चष्म्याला लागली. मी ओरडायला तोंड उघडलं तर आजींनी माझ्याकडे बघितलंच नाही, टेबलाखाली वाकून सोंगट्या गोळा करायला लागल्या आणि पोराला म्हणाल्या, "लाल कुठे होती रे तुझी? चौथ्या घरात ना?" खोटं होतं, दुसऱ्या घरात होती. पोराने खरं सांगितलं.

धोंडोपंत

चौथ्या घरात म्हणाल्या! वा आजी.

फासेपारध

नियमाप्रमाणे मारलेली सोंगटी परत सुरुवातीला जाते, पण जाऊ दे.

अर्धाकप

रुमाल उचलायला आलोय. काल रात्री लावला सिनेमा, बायको नाइट शिफ्टला होती. बोळाच्या सीनपर्यंत आलो आणि मागून मुलगी आली, पाणी प्यायला उठली होती. उभी राहून बघत होती, मला कळलंच नाही. म्हणाली, बाबा, त्या खोलीत काय चाललंय? मी पॉज केलं. काही नाही म्हणालो, दार बंद आहे ना, मला पण दिसत नाहीये. तिने जरा वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, पण तो काठी घेऊन गेला.

उरलेला आज बघतो.